वैमानिकाची वैद्यकीय परीक्षा आणि तिची पूर्वतयारी : प्रस्तावना

व्यावसायिक वैमानिक होऊ पाहणाऱ्या उमेदवाराला अनेक परीक्षा द्याव्या लागतात. हवामानशास्त्र, दिशानिर्देशन आणि विमानविषयक नियम या विषयांत अभ्यासाने यश मिळवता येते. वैद्यकीय परीक्षेला मात्र अभ्यासक्रम नाही, गुण नाहीत आणि पाठांतराचा काही उपयोगही नाही. त्यामुळे तिच्याविषयी दोन टोकांच्या समजुती रुजल्या आहेत. एका समजुतीप्रमाणे शरीर जसे आहे तसे आहे, तेव्हा तयारी करण्यासारखे काही नसतेच. दुसऱ्या समजुतीप्रमाणे चार दिवस पथ्य पाळून, वजन उतरवून आणि अडचणीचे प्रश्न टाळून ही परीक्षा निभावून नेता येते. प्रस्तुत पुस्तक या दोन्ही समजुती नाकारते. ही परीक्षा आजच्या प्रकृतीची जितकी असते त्याहून अधिक ती पुढील परीक्षेपर्यंतच्या काळात काय घडू शकते याच्या अंदाजाची असते, आणि म्हणूनच तिची खरी तयारी म्हणजे स्वतःच्या शरीराची व मनाची खरी माहिती वेळेवर मिळवणे, ती कागदोपत्री जपणे आणि परीक्षकापुढे ती पूर्णपणे मांडणे, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

वैमानिकाच्या शरीराची चिंता विमानाच्याही आधीपासून सुरू झाली होती. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून तीन फ्रेंच संशोधक आठ हजार मीटरांच्याही वर गेले. त्यांच्याजवळ प्राणवायू होता, तरी क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे दोघे मरण पावले आणि गास्तों तिसांदिये हे एकटेच वाचले. प्राणवायूची कमतरता बहुधा वेदना देत नाही. उलट ती एक फसवी प्रसन्नता निर्माण करते, माणसाची निर्णयशक्ती हिरावून घेते आणि आपली निर्णयशक्ती गेली आहे हे त्याला कळूही देत नाही, ही गोष्ट या दुर्घटनेने ठळकपणे पुढे आणली. पुढे पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये हवेच्या दाबाचे शरीरावर होणारे परिणाम सविस्तर ग्रथित केले आणि उड्डाणवैद्यकाचा, म्हणजे उड्डाणात माणसाच्या शरीरावर व मनावर काय परिणाम होतात याचा अभ्यास करणाऱ्या वैद्यकशाखेचा, पाया घातला. पहिल्या महायुद्धात वैमानिकांची निवड करण्यासाठी वेगळे वैद्यकीय निकष हवेत याची जाणीव पक्की झाली. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची पायाभरणी झाली आणि त्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात वैमानिकांच्या परवान्याबरोबरच त्यांच्या वैद्यकीय पात्रतेचे किमान निकषही नमूद झाले. भारतासह सदस्य देशांचे नियम आजही याच परिशिष्टाच्या आधाराने घडतात.

निकष समजून घेण्यापूर्वी उड्डाणात शरीरावर काय गुदरते हे पाहणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय तपासणीतील अनेक प्रश्न अवाजवी वाटण्याचा संभव असतो. प्रवासी विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जात असले तरी त्याच्या आत दाबयुक्त हवा भरलेली असते. मात्र हा आतील दाब समुद्रसपाटीइतका नसतो, तर जास्तीत जास्त सुमारे ८,००० फूट उंचीवरील दाबाइतका खाली येऊ दिला जातो. या स्थितीत निरोगी माणसाला त्रास होत नाही, परंतु ज्याचे हृदय, फुफ्फुसे किंवा रक्त आधीच दुबळे आहे त्याची राखीव शक्ती येथे वापरली जाते. एखाद्या बिघाडामुळे ३५,००० फुटांवर आतील दाब एकाएकी नाहीसा झाला, तर प्राणवायूचा मुखवटा चढवण्यासाठी शुद्धीचा उपयुक्त काळ फार तर अर्धा ते एक मिनिट एवढाच उरतो. दाब कमी झाला की वायू प्रसरण पावतात, त्यामुळे मध्यकर्ण, नाकाभोवतीच्या पोकळ्या आणि आतडी यांत अडकलेली हवा जागा शोधू लागते. घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी युस्टेशियन नलिका सर्दीने बंद असेल, तर विमान उतरताना कानाच्या पडद्यावर असह्य ताण येतो. कान-नाक-घसा तपासणीत पडद्याची हालचाल पाहिली जाते ती याच कारणासाठी. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही या संदर्भात लक्षात घ्यावा लागतो, कारण प्राणवायू कमी झाला की या आजारातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. अशा भागांतील उमेदवाराने केवळ वाहक असणे आणि प्रत्यक्ष आजार असणे यांतील फरक रक्ततपासणीने आधीच स्पष्ट करून घेणे हिताचे ठरते.

या सर्व विचारांच्या मुळाशी एक गणित आहे आणि ते उड्डाणवैद्यकात एक टक्क्याचा नियम म्हणून ओळखले जाते. वर्षात ८,७६० तास असतात. हिशेबाच्या सोयीसाठी ते दहा हजार धरले, तर ज्या वैमानिकाला वर्षभरात अकस्मात अक्षमता येण्याची शक्यता एक टक्का आहे त्याच्या बाबतीत ती घटना दहा लाख तासांत एकदा घडेल असे निघते. दोन वैमानिकांच्या विमानात उड्डाण आणि अवतरण हे खरे नाजूक टप्पे एकूण वेळेचा सुमारे दहावा हिस्सा व्यापतात, आणि अशा टप्प्यात एक वैमानिक कोलमडला असता दुसऱ्याला विमान सावरता न येण्याचा प्रसंग शंभरात एखादाच धरला जातो. हे सर्व गुणून पाहिले तर अपघाताची शक्यता शंभर कोटी तासांत एकदा इतकी खाली येते. १९८० च्या दशकात मुख्यतः ब्रिटनमधील हृदयरोगतज्ज्ञांच्या विचारविनिमयातून पुढे आलेला हा नियम सर्व देशांनी जसाच्या तसा स्वीकारलेला नाही. तथापि परीक्षकाच्या मनातील प्रश्न कोणता असतो हे तो नेमके सांगतो. उमेदवार धावू शकतो काय, वजन उचलू शकतो काय, हा तो प्रश्न नव्हे. पुढील वर्षभरात त्याला भोवळ येईल, झटका येईल, असह्य कळ येईल किंवा त्याचे भान हरपेल याची शक्यता किती, हा तो प्रश्न आहे. लक्षण न दाखवणारा मुतखडा सोनोग्राफीत दिसला म्हणून धडधाकट तरुणाला थांबवले जाते तेव्हा त्यामागे हेच तर्कशास्त्र असते, कारण मूत्रनलिकेत खडा अडकल्याने उठणारी कळ माणसाला काही क्षणांत निकामी करू शकते.

हा विचार कागदी नाही, त्याची किंमत मोजली गेलेली आहे. १८ जून १९७२ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून ब्रसेल्सकडे निघालेले ट्रायडेंट जातीचे विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच स्टेन्स गावाजवळ कोसळले आणि त्यातील सर्व ११८ जण मृत्युमुखी पडले. पंखांच्या पुढील कडेची उचल वाढवणारी साधने पुरेसा वेग येण्याआधीच मिटली गेली होती, आणि कॅप्टनच्या शवविच्छेदनात हृदयाच्या रोहिणीचा गंभीर विकार आढळला. त्या विकाराने त्याची एकाग्रता व निर्णयक्षमता ढासळली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष होता. येथे वैमानिक बेशुद्ध होऊन पडलेला नव्हता. आसनावर बसलेला, वरकरणी काम करत असलेला माणूस आतून अक्षम झालेला असू शकतो, ही सूक्ष्म अक्षमतेची कल्पना या अपघाताने अधोरेखित केली, आणि नियमित हृदयआलेखाचे महत्त्व त्यावरून सहज पटते. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार व्यावसायिक वैमानिकाचा हृदयआलेख पहिल्या तपासणीत काढला जातो, तीस ते पन्नास या वयात दर दोन वर्षांनी काढावा अशी शिफारस आहे आणि पन्नाशीनंतर तो दरवर्षी आवश्यक मानला जातो.

डोळ्यांच्या बाबतीत उमेदवारांच्या मनात सर्वाधिक भीती असते आणि सर्वाधिक गैरसमजही असतात. चष्मा असलेल्या माणसाला वैमानिक होता येत नाही ही समजूत नागरी उड्डाणापुरती चुकीची आहे. आंतरराष्ट्रीय निकष प्रथम श्रेणीसाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणाऱ्या वैद्यकीय पात्रतेसाठी, प्रत्येक डोळ्याची दूरदृष्टी ६/९ आणि दोन्ही डोळ्यांची मिळून ६/६ असावी असे सांगतो, आणि ती चष्म्याने किंवा कॉन्टॅक्ट लेन्सने मिळवलेली असली तरी चालते. मात्र उड्डाण करताना चष्म्याची दुसरी जोडी हाताशी ठेवणे बंधनकारक असते. चष्म्याचा नंबर शस्त्रक्रियेने घालवलेला असेल तर डोळा स्थिर होण्यासाठी ठरावीक काळ जावा लागतो आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या नंबराची नोंद मागितली जाते, म्हणून केवळ परीक्षेच्या धास्तीने घाईघाईत अशी शस्त्रक्रिया करून घेणे अनेकदा अडचणीचे ठरते.

रंगदृष्टीचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. लाल आणि हिरवा यांतील भेद नीट न कळणे हा बहुधा जन्मजात व आनुवंशिक दोष असतो. त्याची जनुके क्ष गुणसूत्रावर असल्याने तो पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो, आणि युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे आठ टक्के आहे. ठिपक्यांतून आकडा ओळखायला लावणाऱ्या, १९१७ मध्ये जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी प्रसिद्ध केलेल्या चित्रपट्ट्यांनी आजही त्याची पहिली चाचणी होते. धावपट्टीच्या बाजूला असलेले चार दिवे वैमानिकाला लाल-पांढऱ्या रंगांच्या संगतीतून आपण योग्य उतारावर आहोत काय हे सांगतात: दोन लाल आणि दोन पांढरे म्हणजे मार्ग बरोबर, चारही लाल म्हणजे विमान धोकादायकरीत्या खाली. २६ जुलै २००२ रोजी अमेरिकेतील टॅलाहासी येथे एक मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळले, तेव्हा सहवैमानिकाचा रंगदृष्टिदोष हे अपघाताला हातभार लावणारे एक कारण असल्याचे अमेरिकी चौकशीत नमूद झाले. या दोषावर औषध नाही आणि तो सरावाने जात नाही. चित्रपट्ट्या पाठ करून तो लपवणे म्हणजे स्वतःसह इतरांचा जीव पणाला लावणे होय. शाळकरी वयातच एकदा ही चाचणी करून घेतली, तर मुलाला आपली वाट वेळेवर ठरवता येते आणि निराशेची धारही कमी होते.

भारतातील व्यवस्था मुळात सुटसुटीत आहे, परंतु तिचा क्रम नीट न समजल्याने अनेक कुटुंबांचे नुकसान होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय वैमानिकांसाठी वैद्यकीय पात्रतेच्या दोन श्रेणी मानते. द्वितीय श्रेणीची तपासणी, म्हणजे उमेदवारांच्या बोलीतील क्लास टू मेडिकल, महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या परीक्षकाकडे होते आणि प्रशिक्षणार्थी परवान्यासाठी ती पुरेशी असते. व्यावसायिक परवान्यासाठी प्रथम श्रेणीची पात्रता लागते. या श्रेणीची पहिली तपासणी दीर्घकाळ मुख्यतः भारतीय हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रांत होत आली असून, १९५७ मध्ये बंगळुरू येथे स्थापन झालेली आणि आज एरोस्पेस मेडिसिन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था व दिल्लीचे केंद्रीय वैद्यकीय आस्थापन ही त्यांतील प्रमुख केंद्रे होत. तपासणीअंती उमेदवार पात्र, तात्पुरता अपात्र किंवा कायमचा अपात्र ठरवला जातो. यांतील मधला निकाल ऐकून अनेक जण खचतात, वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच असतो की सांगितलेला उपचार किंवा तपासणी पूर्ण करून ठरावीक मुदतीनंतर पुन्हा यावे; अपात्रतेविरुद्ध पुनर्विलोकनाची आणि अपिलाची वाटही नियमांत ठेवलेली आहे.

मुंबईतील जुहूच्या फ्लाइंग क्लबपासून १९२८ मध्ये सुरू झालेली महाराष्ट्रातील प्रशिक्षणाची परंपरा आज बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी पसरली आहे आणि शेती, लहान व्यवसाय किंवा नोकरी यांवर चालणाऱ्या घरांतील मुलेमुलीही या व्यवसायाकडे वळत आहेत. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या किमान दोनशे उड्डाणतासांचा खर्च अशा घरांना कर्ज काढून किंवा जमिनीचा तुकडा विकून उभा करावा लागतो. असे असताना केवळ द्वितीय श्रेणीच्या प्रमाणपत्रावर फ्लाइंग स्कूलची संपूर्ण फी भरणे आणि प्रथम श्रेणीची तपासणी पुढे ढकलणे हा आर्थिक अविचार ठरतो. प्रथम श्रेणीची पात्रता हाती आल्यानंतरच मोठी रक्कम गुंतवावी, हा या पुस्तकातील सर्वांत व्यावहारिक सल्ला आहे, आणि पालकांनी दुसरे काहीही लक्षात ठेवले नाही तरी एवढे लक्षात ठेवावे.

पूर्वतयारीचे दोन स्तर आहेत. पहिला स्तर महिन्यांचा आहे: रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड व यकृत यांच्या चाचण्या, पोटाची सोनोग्राफी, हृदयआलेख, श्रवणचाचणी आणि नेत्रतपासणी या गोष्टी परीक्षेच्या बऱ्याच आधी आपल्या डॉक्टरांकडून करून घ्याव्यात, म्हणजे लोहाच्या कमतरतेमुळे आलेला रक्तक्षय, वाढलेले वजन, वाढता रक्तदाब, हर्निया किंवा कानाच्या पडद्याचे छिद्र यांवर इलाज करण्यास अवधी मिळतो. वजन आणि रक्तदाब यांना आठवडाभराच्या उपासाने फसवता येत नाही. व्यायाम, झोप आणि आहार यांची सवयच त्यांना ताळ्यावर आणते, आणि वैमानिकाला ही सवय निवृत्तीपर्यंत लागणारच असते. दुसरा स्तर दिवसांचा आहे, आणि त्याचा हेतू निकाल सजवण्याचा नसून खोटा दोष दिसू नये एवढाच आहे. आदल्या दिवशी जबर व्यायाम केला तर लघवीत प्रथिने दिसू शकतात व यकृताच्या चाचण्याही बिघडलेल्या भासतात. ढोलताशा, डीजे किंवा मोठ्या आवाजातील हेडफोन यांनंतर काही तास श्रवणशक्ती तात्पुरती मंदावते, त्यामुळे श्रवणचाचणीपूर्वी एक-दोन दिवस कानांना शांतता द्यावी. कानातील मळ स्वतः काडीने न काढता डॉक्टरांकडून आधीच काढून घ्यावा, डोळ्यांवरील लेन्स डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद कराव्यात, मासिक पाळीच्या दिवसांत लघवीची तपासणी टाळावी, भरपूर सर्दी असताना केंद्रावर जाऊ नये, आणि उपाशीपोटी द्यायच्या रक्तासाठी सांगितलेले तास काटेकोर पाळावेत. परीक्षेच्या धसक्याने काहींचा रक्तदाब दवाखान्यातच वाढतो. घरी काही आठवडे ठेवलेल्या रक्तदाबाच्या नोंदी अशा वेळी परीक्षकाला उपयोगी माहिती देतात.

या सर्वांहून महत्त्वाचे असते ते पूर्वेतिहासाचे निवेदन. लहानपणी आलेली फीट, कधीतरी आलेली चक्कर, दम्याचा पंप, झालेली शस्त्रक्रिया, चालू असलेले औषध, घरातील मधुमेह किंवा हृदयविकार हे सर्व अर्जात विचारलेले असते, आणि ‘काही नाही’ असे लिहिण्याचा सल्ला देणारे हितचिंतक आजूबाजूला पुष्कळ असतात. हा सल्ला दुहेरी घातक आहे. लपवलेली गोष्ट पुढे उघडकीस आली तर मूळ आजारापेक्षा खोटे निवेदनच परवान्याच्या आड येते. आणि जी माहिती परीक्षकाला मिळाली नाही तिच्याविषयी तो कोणतीही सवलत सुचवू शकत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत तज्ज्ञांच्या अधिकृत वैद्यकीय मतानुसार, उड्डाणसुरक्षेला बाध येत नसेल तर, एखाद्या निकषात न बसणाऱ्या उमेदवारालाही अटींसह पात्र ठरवण्याची सोय आहे. हॉस्पिटलचे डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचा अहवाल, जुने चष्म्याचे नंबर आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचे सविस्तर पत्र यांनी भरलेली एक फाइल या सोयीचा दरवाजा उघडू शकते.

मनाच्या आरोग्याला हेच तत्त्व अधिक तीव्रतेने लागू होते. २४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फकडे निघालेले जर्मनविंग्सचे विमान सहवैमानिकाने जाणूनबुजून आल्प्स पर्वतात आदळवले आणि १५० जणांचा अंत झाला. डॉक्टरांनी त्याला कामास अयोग्य ठरवले होते, पण ती माहिती कंपनीपर्यंत पोहोचली नव्हती. फ्रेंच चौकशीने यावर केवळ अधिक कडक तपासणी सुचवली नाही. परवाना गमावण्याची आर्थिक भीती कमी करावी आणि वैमानिकाला आपल्याच सहकाऱ्यांशी विश्वासाने बोलता येईल अशी साहाय्यव्यवस्था असावी, असेही सुचवले, आणि युरोपात २०२१ पासून अशी व्यवस्था विमान कंपन्यांना बंधनकारक झाली. नैराश्य किंवा चिंताविकार यांवर घेतलेला उपचार कलंक मानून दडपण्याची आपल्या समाजातील रीत उड्डाणक्षेत्रात विशेष धोकादायक आहे. उपचार घेऊन स्थिरावलेला आणि ते मोकळेपणाने सांगणारा माणूस हा उपचार टाळणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक सुरक्षित असतो, हे कुटुंबांनी आणि प्रशिक्षकांनीही मनोमन स्वीकारण्याची गरज आहे.

निकष हे कायमचे दगडावर कोरलेले नसतात. इन्शुलिन घेणाऱ्या वैमानिकांना ब्रिटनने २०१२ पासून, उड्डाणादरम्यान रक्तातील साखर ठरल्या वेळी तपासण्याच्या अटीवर, व्यावसायिक पात्रता देण्यास सुरुवात केली. रंगदृष्टीच्या चाचण्याही नेमका दोष मोजण्याच्या दिशेने सुधारत आहेत. त्यामुळे या पुस्तकात दिलेल्या प्रत्येक आकड्यामागील कारण स्पष्ट करण्यावर भर दिला आहे, कारण आकडे बदलले तरी कारणे टिकून राहतात, आणि ज्याला कारण समजले आहे तो महासंचालनालयाचे नवे परिपत्रकही योग्य रीतीने वाचू शकतो. हे पुस्तक परीक्षकाची जागा घेत नाही आणि कोणाही उमेदवाराच्या पात्रतेविषयी निर्णय देत नाही. बारावीनंतर वैमानिक होण्याचा विचार करणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि अशा विद्यार्थ्यांना पहिला सल्ला देणारे गावोगावचे फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी ते लिहिलेले आहे. या परीक्षेत काही जण अपात्र ठरणारच. त्यांच्याविषयीचा निर्णय त्यांना लवकर, खऱ्या माहितीवर आणि घर कर्जात बुडण्याआधी कळावा. जे पात्र ठरतील त्यांना पहिल्या दिवशी दाखवलेला प्रामाणिकपणा पुढील प्रत्येक नूतनीकरणात टिकवता यावा. आणि मागच्या आसनांवर विश्वासाने बसलेल्या प्रवाशांना तो विश्वास सार्थ ठरल्याचा अनुभव यावा, एवढ्यासाठी ही पूर्वतयारी आहे.